शिक्का आणि सही

परवा रविवारी सकाळी भाच्याचा फोन आला. आमची सकाळ म्हणजे तुमची संध्याकाळ, त्यामुळे मागे ताईच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. भाचा हिंजवडीला एका कंपनीत लागला त्याला आता वर्ष होत आलं. आवाज पडलेला होता.

"मामा, शुक्रवारी सगळ्या टीमसमोर बोलणी खाल्ली."

"काय केलंस?"

"काही नाही रे. कोडमधे डेटाबेसचा पासवर्ड राहून गेला आणि तसाच गिटवर चढला. तोही टेस्टचा. एवढा काय गहजब करायचा?"

एरवी मी त्याची थट्टा केली असती. या वेळी नाही केली. "तुला एक जुनी गोष्ट सांगतो," म्हणालो, पण तेवढ्यात ताईने त्याला पानावर बोलावलं आणि गोष्ट राहिली. म्हणून इथे लिहितोय. त्याच्यासाठी, आणि ज्यांची मुलं दिवसभर त्या खोक्यासमोर बसून नक्की काय करतात हे ज्यांना अजून कळलेलं नाही अशा तुम्हा मंडळींसाठी. थोडी तांत्रिक आहे, पण सांभाळून सांगतो.

तर गोष्ट 2004 ची. अमेरिकेतलं कनेटिकट राज्य, हार्टफर्ड गाव. हे विमा कंपन्यांचं गाव. संध्याकाळी पाच वाजून गेले की रस्ते असे ओस पडतात की आपल्याला वाटावं कर्फ्यू लागलाय. मी तिथे एका विमा कंपनीत कंत्राटी इंजिनिअर होतो. कंपनीचं नाव सांगत नाही, आणि सांगून उपयोगही नाही, कारण ही गोष्ट तेव्हा त्या गावातल्या कुठल्याही कंपनीत घडू शकली असती.

विमा कंपनीचं मुख्य काम म्हणजे दावे. कुणाची गाडी ठोकली, कुणाच्या छपरावर झाड पडलं, की दावा दाखल होतो, कुणीतरी तो तपासतो आणि मग चेक निघतो. हा सगळा हिशेब एका मेनफ्रेमवर होता. मेनफ्रेम म्हणजे तळघरात ठेवलेला अजस्र संगणक, त्यावर कोबॉल भाषेत लिहिलेले, काही माझ्या वयाचे, प्रोग्रॅम. ते चालवणारी सीआयसीएस नावाची व्यवस्था 1969 पासूनची. (इंग्लंडात तिला 'किक्स' म्हणतात, अमेरिकेत चारही अक्षरं सुटी म्हणतात. दोन्हीकडचे लोक एका मीटिंगमधे आले की पहिली पाच मिनिटं यातच जातात.) आमचं काम होतं या जुन्या प्रोग्रॅमना नवं तोंड लावायचं. म्हणजे दावे तपासणाऱ्या चारेकशे लोकांनी काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरं न बघता ब्राउझरमधे काम करायचं, आणि आमचं जावा ॲप्लिकेशन त्यांच्या वतीने तळघरात जाऊन काम करून येणार.

बँकेची उपमा देतो, म्हणजे सोपं होईल. पुढे काउंटर, मागे स्ट्राँग रूम. आम्ही नवा चकाचक काउंटर बांधत होतो. स्ट्राँग रूमला हात लावायचा नव्हता.

काउंटर आणि स्ट्राँग रूम जोडायला जो तुकडा लागतो त्याला ॲडॉप्टर म्हणतात. अमेरिकेला येताना तुम्ही चार्जरच्या पिनेसाठी घेता ना, तसाच. पूर्वी प्रत्येक कंपनीचा सर्व्हर वेगळा आणि प्रत्येक मागची सिस्टिम वेगळी. पाच प्रकारचे सर्व्हर आणि आठ प्रकारच्या सिस्टिम म्हटल्या की चाळीस तऱ्हेच्या जोडण्या लिहायच्या. 2001 मधे 'कनेक्टर आर्किटेक्चर' नावाचं प्रमाण आलं आणि ठरलं की सर्व्हरवाल्यांनी एक ठरावीक खोबण द्यायची, सिस्टिमवाल्यांनी त्या खोबणीत बसणारी पिन द्यायची. चाळिसाच्या जागी तेरा. ही कल्पना मला तेव्हाही आवडली होती आणि आजही आवडते.

पण जोडणी झाली तरी स्ट्राँग रूमच्या दारावर एक माणूस उभा असतो आणि तो विचारतो, "कोण?" मेनफ्रेमवर या माणसाचं नाव रॅकेफ. 1976 पासून हा दारावर आहे. आठ अक्षरांचं नाव, आठ अक्षरांचा पासवर्ड, आणि 2004 मधे तोही फक्त कॅपिटल अक्षरांत. तीनदा चुकलात की खातं बंद (हा आकडा ज्याचा त्याने ठरवायचा असतो, आमच्याकडे तीन होता). मग तळमजल्यावर जाऊन ते उघडून घ्यायचं.

हे खातं उघडून देणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या. पांढरे आखूड केस, पायात कॅनव्हासचे बूट, कपाळावर सरकवलेला चष्मा. अमेरिकेच्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना नुसत्या नावाने हाक मारत असे आणि प्रत्येक वेळी जीभ अडखळत असे. आपल्यात आईपेक्षा मोठ्या बाईला नुसतं नावाने कसं बोलवायचं? मनातल्या मनात मी त्यांना रॅकेफ-आजी म्हणायचो. इथेही तेच म्हणतो.

आता आमच्या ॲप्लिकेशनने दारावरच्या त्या 'कोण?' ला काय उत्तर द्यायचं? याची दोन उत्तरं त्या प्रमाणातच लिहिलेली आहेत. ॲप्लिकेशनच्या वर्णनाच्या फाइलमधे 'रेस-ऑथ' नावाची एक ओळ असते. तिथे दोनपैकी एकच शब्द लिहिता येतो. एक 'ॲप्लिकेशन', दुसरा 'कंटेनर'. पहिला लिहिला तर नाव आणि पासवर्ड तुम्ही, म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने, स्वतःच्या कोडमधून द्यायचा. दुसरा लिहिला तर तुम्ही फक्त "जोडणी दे" म्हणायचं, हात रिकामे. नाव-पासवर्डाची व्यवस्था सर्व्हर बघतो आणि तुमच्या कोडला तो पासवर्ड कधी दिसतही नाही.

आम्ही काय लिहिलं होतं ते तुम्ही ओळखलंच असेल. 'ॲप्लिकेशन'. डेडलाइन जवळ होती, आणि ते सोपं होतं. आजींकडून एक आयडी मागून घेतला, तो आणि त्याचा पासवर्ड एका साध्या फाइलमधे लिहिला, ती फाइल कोडबरोबर ठेवली. चारशे माणसं काउंटरवर येणार, पण स्ट्राँग रूमच्या दारावर सगळ्यांच्या वतीने एकच नाव सांगितलं जाणार. ती फाइल लिहिली कुणी? आमच्या चमूतल्या एका तेलुगू मित्राने, माझ्या शेजारी बसून. मी म्हणालो होतो, "आत्ता चालू दे, नंतर बदलू." हे वाक्य आमच्या धंद्यात रोज कुणीतरी म्हणतं.

पहिला फटका किरकोळ होता. साठ दिवस झाले, पासवर्डाची मुदत संपली. ठरल्याप्रमाणे तो बदलला गेला, पण आमच्या चार सर्व्हरपैकी एकावर जुनीच फाइल राहिली. सकाळी आठला तो सर्व्हर उठला, चुकीचा पासवर्ड तीनदा देऊन मोकळा झाला, आणि रॅकेफने खातं बंद केलं. खातं एकच, म्हणजे उरलेले तीन सर्व्हरही आडवे. चारशे माणसं कॉफी पीत बसली. आजी वर आल्या, खातं उघडलं आणि जाताजाता म्हणाल्या, "एकाने चूक केली आणि चारशेंना कोंडलंस, छान." आम्ही हसलो.

दुसरा फटका सप्टेंबरात बसला.

एका दाव्याचे अठरा हजार चारशे डॉलर दोनदा गेले होते. एकाच माणसाला, दोन चेक. त्या बिचाऱ्याने प्रामाणिकपणे फोन करून सांगितलं म्हणून कळलं. एरवी ही भानगड हिशेब खात्यात मिटली असती. पण साल 2004 होतं. एन्रॉन आणि वर्ल्डकॉम बुडाल्यानंतर 2002 मधे सारबेन्स-ऑक्स्ली कायदा आला होता आणि त्याचं 404 क्रमांकाचं कलम मोठ्या कंपन्यांना त्याच नोव्हेंबरपासून लागू होणार होतं. आर्थिक व्यवहारावर कंपनीचा ताबा आहे हे साहेबांना सहीनिशी सांगावं लागणार होतं. मजल्यामजल्यावर ऑडिटर फिरत होते. त्यांच्या समोर हे प्रकरण आलं.

त्यांनी पैसे देण्याच्या फाइलमधली नोंद काढली. नोंदीत 'बदल कुणी केला' असा रकाना होता आणि 'कधी' असा रकाना होता. 'कधी' मधे फक्त तारीख, वेळ नाही. 'कुणी' मधे आमच्या ॲप्लिकेशनचा आयडी.

म्हणजे कुणी? चारशेपैकी कुणीही. किंवा ज्यांना तो पासवर्ड माहीत आहे त्यांच्यापैकी कुणीही, ब्राउझरच्या वाटेला न जाता थेट आत शिरून. आणि पासवर्ड कुणाला माहीत होता? ज्यांनी ज्यांनी ती फाइल उघडली होती त्यांना. आवृत्त्या सांभाळणाऱ्या सिस्टिममधे ते स्वच्छ लिहिलेलं होतं. चार नावं. मी, माझा तेलुगू मित्र, चेन्नईची एक मुलगी आणि एक अमेरिकन कंत्राटदार.

आम्हाला एकेकट्याला एका काचेच्या खोलीत बोलावलं. दोन माणसं, दोघंही अत्यंत सभ्य. "तुम्ही त्या तारखेला रात्री कुठे होतात? त्या दावेदाराला ओळखता का?" शेवटी, "चौकशी होईपर्यंत कीबोर्डला हात लावू नका. या, बसा, पण काम करू नका." आमचे लॉगिन बंद झाले. चौघं आपापल्या जागी हात मांडीवर ठेवून बसलेलो, आणि येणारेजाणारे लोक आमच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते. वर्गाबाहेर अंगठे धरून उभं केल्यावर जसं वाटतं ना, तसं. फरक इतकाच की शाळेतून घरी जाता येतं.

इथे व्हिसाबद्दल दोन ओळी लिहायला हव्यात, कारण तिकडे राहून हे लक्षात येत नाही. एच-वन-बी व्हिसा तुमचा नसतो, तुमच्या नोकरीचा असतो. आता नोकरी गेली तर साठ दिवसांपर्यंतची सवलत मिळते, पण तो नियम जानेवारी 2017 मधे आला. 2004 मधे सवलतीचा असा एकही दिवस कायद्यात नव्हता. आज नोकरी संपली की उद्यापासून तुम्ही इथे कोण, हा प्रश्न. मित्राच्या बायकोला आठवा महिना लागला होता. त्याचं ग्रीन कार्ड अर्ध्या वाटेवर होतं. तो दुपारी जेवायचा डबा उघडायचा, बघायचा आणि झाकण लावायचा. मला सारखं वाटत होतं की "आत्ता चालू दे" हे मी म्हणालो होतो, पण फाइलवर नाव त्याचं आहे. तसं मी काचेच्या खोलीत सांगितलंही. त्यांनी ते लिहून घेतलं, आणि त्याचा काही उपयोग झाला असं वाटलं नाही.

त्या आठवड्यात बाबांना फोन केला तेव्हा न राहवून सगळं सांगितलं. बाबा साताऱ्याकडे सहकारी बँकेत कॅशियर होते, तेव्हा रिटायर होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. संगणकाचा आणि त्यांचा संबंध नाही. त्यांनी एकच विचारलं, "व्हाउचरवर सही कुणाची आहे?"

"सही नाहीये बाबा. सगळ्यांचा मिळून एकच शिक्का आहे."

"शिक्का कुणाच्या ताब्यात होता?"

"चौघांच्या. म्हणजे तसा कुणाच्याच नाही."

थोडा वेळ फोनवर नुसती खरखर. मग म्हणाले, "मग त्यांनी शिक्क्यालाच विचारावं. तुम्ही काय सांगणार?"

त्यांच्या बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असत, एक मॅनेजरकडे, एक बाबांकडे. दोन्ही लागल्याशिवाय तिजोरी उघडत नसे. बाबा आजारी पडले तर किल्ली घ्यायला शिपाई घरी यायचा, बरोबर रजिस्टर. 'किल्ली दिली', सही. 'किल्ली मिळाली', सही. एकशे दोन ताप असताना बाबा पलंगावर उठून बसून ती सही करायचे, आणि आई चिडायची, की मेलं ते रजिस्टर उद्या केलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं. मलाही तेव्हा ते अतीच वाटायचं.

सातव्या दिवशी कुणालातरी सुचलं की मेनफ्रेमच्या सुरक्षावाल्या बाईंना एकदा विचारावं. तोवर त्यांना कुणी विचारलंच नव्हतं! ऑडिटर वरच्या मजल्यावर होते, आजी तळमजल्यावर. आजींनी सांगितलं की रॅकेफ स्वतःची वेगळी नोंद ठेवतो, ती मेनफ्रेमच्या कामकाजाच्या नोंदवहीत जाते, आणि त्या दिवसाची वही टेपवर गेली आहे. टेप मागवायला एक दिवस गेला. नवव्या दिवशी त्या छापील कागदांची चळत घेऊन वर आल्या. आमच्या आयडीच्या त्या नोंदीशेजारी वेळ होती, पहाटेचे दोन वाजून चाळीस मिनिटं, आणि एका रात्रीच्या जॉबचं नाव होतं.

झालं होतं ते असं. चेक काढणारा रात्रीचा जॉब मधेच कोसळला. ऑपरेटरने तो जिथे कोसळला त्या पायरीपासून पुन्हा सुरू करायचा, त्याऐवजी पहिल्यापासून केला. कोसळण्याआधी एकच चेक निघून गेला होता, तो पुन्हा निघाला. आणि त्या जॉबला आमच्या ॲप्लिकेशनचा आयडी कसा? कुणीतरी, कधीतरी, "आयता आयडी आहे, सगळीकडे परवानगी आहे, तोच वापरू" म्हणून तो टाकून दिला होता. पासवर्ड फुटायचं काही कारणच नव्हतं. चोरी नव्हतीच.

दुपारी आमचे लॉगिन परत सुरू झाले. मॅनेजर येऊन म्हणाला, "मंडळी, सगळं ठीक आहे, कामाला लागा." संपलं. माफी वगैरे कुणी मागितली नाही. चेन्नईची मुलगी स्वच्छतागृहात जाऊन रडून आली.

मग मला काम मिळालं, की हे नीट करा. मी स्वतःच मागून घेतलं म्हणा.

पहिल्या आठवड्यात मी तेच केलं जे सर्व्हरच्या पुस्तकात लिहिलं होतं. 'ॲप्लिकेशन' खोडून 'कंटेनर' लिहिलं. कोडमधली नाव-पासवर्डाची चौदा ठिकाणं काढली. सर्व्हरच्या कन्सोलवर जाऊन त्या आयडी-पासवर्डाला एक टोपणनाव दिलं आणि जोडणीला सांगितलं की हे टोपणनाव वापर. आता पासवर्ड बदलायचा तर एका ठिकाणी बदलायचा, चारही सर्व्हरना तोच मिळणार. प्रोग्रॅमरला तो दिसणार नाही. मी खुशीत आजींना दाखवायला गेलो. सर्व्हरच्या फाइलमधे पासवर्ड कसा अगम्य अक्षरांत लपवलाय तेही दाखवलं.

आजींनी चष्मा खाली घेतला. "ही अक्षरं उलटी फिरवून पासवर्ड काढता येतो का?"

"नसावा."

"नसावा म्हणजे? करून बघ."

मी जागेवर येऊन बसलो. दहा मिनिटं लागली. ते कुलूप नव्हतंच, नुसता पडदा होता. प्रत्येक अक्षर एका ठरलेल्या अक्षराशी खेळवलेलं, उलट फिरवलं की मूळ अक्षर हजर. हे पुस्तकातही लिहिलेलं होतं, बारीक अक्षरांत. मी वाचलं नव्हतं. मग ती फाइल सर्व्हरच्या स्वतःच्या खात्याशिवाय कुणाला उघडता येणार नाही अशी व्यवस्था केली. आधी ती सगळ्यांना वाचता येत होती.

पुन्हा आजींकडे गेलो. तेव्हा त्या म्हणाल्या ते मला अजून आठवतं. "तू किल्ली पायपुसण्याखालून काढून वॉचमनच्या केबिनमधे ठेवलीस. चांगलं केलंस. पण माझ्या वहीत अजून नाव एकच येतंय. परत असं झालं तर मी कुणाला विचारू?"

बाबांचंच वाक्य, फक्त कनेटिकटच्या हेलात.

आता खरं काम सुरू झालं. त्या प्रमाणात सर्व्हरने दारावर कुणाचं नाव सांगायचं याचे काही प्रकार दिलेले आहेत. एक म्हणजे सगळ्यांसाठी एकच ठरलेलं नाव, जे आम्ही केलं होतं. दुसरा, काउंटरवरच्या प्रत्येक माणसाच्या नावासमोर त्याचं स्ट्राँग रूममधलं नाव, अशी जोडयादी. आमच्या चारशे जणांकडे जुन्या हिरव्या पडद्याच्या काळापासूनचे आपापले रॅकेफ आयडी होतेच. त्यामुळे जोडयादी करणं कंटाळवाणं होतं, अवघड नव्हतं. पण नावाबरोबर पासवर्डही लागतो! चारशे जणांचे पासवर्ड सर्व्हरवर साठवायचे? म्हणजे वॉचमनच्या केबिनमधे एकाऐवजी चारशे किल्ल्या. शिवाय दर साठ दिवसांनी प्रत्येकाने बदललेला पासवर्ड आमच्याकडे येऊन सांगायचा. अशक्य.

वाट आजींनी दाखवली. रॅकेफमधे पासतिकीट नावाची एक सोय आहे. सर्व्हर आणि मेनफ्रेम यांच्यात एक गुप्त किल्ली आधीच ठरवून ठेवायची. मग कुणाचं काम आलं की सर्व्हरने त्या माणसाचा आयडी, ॲप्लिकेशनचं नाव आणि घड्याळातली वेळ घ्यायची, किल्लीने घुसळायची आणि आठ अक्षरांचं एक तिकीट काढायचं. ते दिसतं पासवर्डासारखंच, म्हणून पासवर्डाच्या जागी चालतं. पण एकदाच, आणि साधारण दहा मिनिटांतच. त्या माणसाचा खरा पासवर्ड कुणाला माहीत असायची गरज नाही. सर्व्हरमधे नाव-पासवर्ड ठरवणारा आपला स्वतःचा तुकडा बसवायला जागा ठेवलेली असते, तिथे मी हे तिकीट काढणारं यंत्र बसवलं. दोनेकशे ओळींचं असेल. माझ्या हातून झालेल्या कामांत मला सगळ्यात आवडतं ते हे.

लगेच चाललं असं मात्र नाही. पहिल्या दिवशी एकही तिकीट रॅकेफ घेईना. तीन दिवस मी गणित तपासत बसलो. शेवटी कळलं की आमच्या टेस्ट सर्व्हरचं घड्याळ बारा मिनिटं मागे होतं. तिकीट जन्माला यायच्या आधीच शिळं. घड्याळ लावलं, चाललं. मग नवीनच तऱ्हा. काही पानं उघडायची, काही नाही, आणि तेच पान दुसऱ्यांदा उघडलं तर उघडायचं. तिकिटातली वेळ सेकंदांत मोजतात. एकाच माणसाचं एक पान एका सेकंदात दोनदा तळघरात गेलं तर दोन्ही वेळा तिकीट अक्षरशः तेच निघायचं, आणि वापरलेलं तिकीट रॅकेफ कशाला घेतो? एसटीचा कंडक्टरही घेत नाही. ही तपासणी बंद करता येते. आजी म्हणाल्या करू नकोस. मग एका पानाच्या दोन्ही फेऱ्या एकाच फेरीत बसवल्या.

सगळ्यात मोठी अडचण जोडण्यांच्या साठ्याची होती. तळघरापर्यंत नवीन जोडणी करायला वेळ लागतो, म्हणून सर्व्हर चाळीस जोडण्या करून ठेवतो आणि आलटूनपालटून देतो. रिक्षा स्टँडसारखं. पण एका माणसाच्या नावाने उघडलेली जोडणी दुसऱ्याला कशी देणार? सर्व्हर साठ्यात बघतो, जुळणारी नसेल तर नवी उघडतो. चारशे माणसं म्हटली की साठा ओसंडतो. ॲडॉप्टरला चालू जोडणीवरचं नाव बदलता येत असेल तर हा प्रश्न सुटतो, पण आमच्या ॲडॉप्टरला ते धड जमत नव्हतं. दुपारच्या गर्दीत पान उघडायला आठ-आठ सेकंद लागायला लागले आणि दावेवाल्यांनी बोंब मारली.

शेवटी तडजोड केली. नुसतं बघायचं असेल तर सगळ्यांसाठी एकच आयडी, ज्याला बघण्यापलीकडे कसलीही परवानगी नाही. पैसा हलवायचा असेल तर मात्र ज्याचं त्याचं नाव, ज्याचं त्याचं तिकीट. दोन वेगळ्या जोडण्या, दोन्हीपुढे 'कंटेनर'. दिवसातली बहुतेक कामं बघण्याचीच असतात, त्यामुळे साठा आटोक्यात आला. रात्रीच्या जॉबला त्याचा स्वतःचा आयडी दिला. आणि ती गुप्त किल्ली? ती शेवटी एका फाइलमधेच आहे, सर्व्हरच्या केबिनमधे. कुठेतरी एक किल्ली ठेवावीच लागते, त्याला इलाज सापडला नाही. आजींनी तिच्यासाठी एक वही घातली. किल्ली कधी बदलली, कुणासमोर बदलली. कागदाची वही, दोन सह्या. मी पहिली सही केली तेव्हा मला बाबांचा तो पलंग आठवला.

2005 च्या मार्चमधे हे सगळं चालू झालं. तेव्हा तेलुगू मित्र तिथे नव्हता. त्याच्यावर कुणी ठपका ठेवला नाही, पण कंत्राट डिसेंबरात संपलं ते पुढे वाढवलं नाही, आणि का वाढवलं नाही हे कुणी सांगितलं नाही. दुसरी नोकरी वेळेत मिळाली नाही. दोन महिन्यांच्या मुलीला घेऊन ते दोघं हैदराबादला परत गेले. विमानतळावर सोडायला मीच गेलो होतो. ती फाइल तो विसरला असेल असं मला वाटत नाही, पण इतक्या वर्षांत आम्ही त्याबद्दल एकदाही बोललो नाही. त्याचं तिकडे उत्तम चाललंय. तरीही.

असो. तेव्हाचं जे-टू-ई-ई आता जकार्ता ईई झालंय, पण ॲडॉप्टर, खोबण आणि ते दोन शब्द अजून तसेच आहेत. आता फाइलऐवजी जोडणीच्या डोक्यावर एक चिठ्ठी लावतात, आणि तिथे काहीच लिहिलं नाही तर 'कंटेनर' धरतात. ही सुधारणाच म्हणायची. पासवर्डांसाठी आता वेगळ्या तिजोऱ्या मिळतात, तासाभराने आपोआप मरणारी तिकिटं मिळतात. मी जे तीन महिने घाम गाळून केलं ते भाच्याला अर्ध्या दिवसात करता येईल. फक्त करायला हवं.

काल त्याला परत फोन केला. विचारलं, "तुमच्या त्या डेटाबेसला तुम्ही सगळे एकाच आयडीने जाता का?"

"हो. सर्व्हिस अकाउंट आहे ना."

"पासवर्ड कुणाकुणाला माहितीय?"

"मला, आमच्या लीडला... मामा, बरेच असतील रे."

"नावं लिहून काढ आणि मला पाठव."

आज सकाळी यादी आली. चौदा नावं, त्यातले तिघं कंपनी सोडून गेलेले. खाली लिहिलं होतं, लीडला दाखवली, तो दोन मिनिटं काही बोलला नाही, मग म्हणाला सोमवारी बदलू. मी कळवलंय की सोमवार कशाला, आज बदला.